सात पस्तीसची कडी

ज्यूंच्या इतिहासाबद्दल लिहून राह्यलो म्हटल्यावर तुमाले वाटलं असंल, हा पोट्टा जेरुसलेम पाहून आला. नाई हो. मी खामगावच्या पुढं गेलो तं फक्त जलंबले, तेही रेल्वे पाहाले. आता हा काहीतरी ग्यान सांगंल असं वाटत असंल, तं तेही नाई. मी एका कडीबद्दल सांगून राह्यलो. आमच्या वर्गाच्या दाराची आतली कडी. आजही आठवली का माह्यं डोकं फिरते.

बुलढाण्याले एम.ए. इतिहास चालू होतं. तिसऱ्या सेमिस्टरले एक ऐच्छिक पेपर आला. युरोपातल्या ज्यूंचा इतिहास, छापखाने सुरू झाले तेव्हापासूनचा. आम्ही अकरा जणांनी तो घेतला, कारण दुसरा पेपर नापास करण्यात मशहूर होता. शिकवाले पुण्याकडचे नवीन सर.

पहिल्याच दिवशी सरांनी एक झेरॉक्स वाटली. वर ठळक अक्षरात, 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. धडा वाचून यावं. गाईड आणू नये. दर तासाले एक प्रश्न लिहून आणावा. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसंल तं परीक्षेले बसता येणार नाई. अन् सगळ्यात खाली, तास साडेसातले, सात पस्तीसले दार बंद.

"वेळेचं मूल्य ज्याला कळत नाही, त्याला इतिहास काय कळणार?" सर नाकातून म्हणाले, अन् एक भुवई वर गेली. संध्याकाळपर्यंत मी सर पाठ करून टाकले, भुवईसकट.

खोटं नाई बोलत, शिकवत झकास होते. स्पेनातून लोकाइले हाकललं, ते पुस्तकं घेऊन दुसऱ्या मुलखात गेले अन् तिथं परत छापखाना टाकला, हे ऐकताना मी गाईड इसरलो होतो. म्हणून तं राग जास्त.

आमच्या वर्गात एक ताई होती. देऊळघाटची सून, आमच्याहून सहा-सात वर्षानं मोठी, घरी लहान पोरगी. सासऱ्यानं सांगून ठेवलेलं, "एका दमात पास होत असशीन तं शिक. वर्ष गेलं का शिक्षण बंद." सरांच्या कागदावरची एक-एक अपेक्षा पुरी करणारी वर्गात ती एकटीच. धडा वाचलेला, प्रश्न लिहिलेला. फक्त ते शेवटचं जमत नव्हतं. धाड गावाकडून येणारी सकाळची बस आठवड्यातून एक-दोनदा भरून येते अन् देऊळघाटच्या थांब्यावर थांबतच नाई. ड्रायव्हर नेत्यासारखा हात हलवत निघून जाते. मंग ऑटो भरायची वाट पाहा. त्या दिवशी ताई पोचे सात चाळीसले. म्हणजे गैरहजर.

करता करता अशी पाळी आली का अजून दोन गैरहजेऱ्या लागल्या असत्या तं परीक्षा गेली असती. तिनं सरांले सांगतलं. सर म्हणे, "तोंडी नको. लेखी आणा." ताईनं चार दिवस एसटी स्टँडवर चकरा मारल्या अन् तिथल्या कंट्रोलरकडून चिठ्ठी आणली का बाबा, बस थांबत नाई.

त्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन धापा टाकत आली. कडी लागलेली. मीही बाहेरच. माह्यी बस नव्हती चुकली, मी टपरीवर प्राचार्यांची नक्कल करत बसलो होतो.

आत सर इटलीतलं व्हेनिस शहर शिकवत होते. ज्यूंच्या वस्तीचे दरवाजे रात्री बंद व्हायचे, अन् पहारेकऱ्यांचा पगारही त्याइच्याच खिशातून. "कल्पना करा," सरांचा आवाज फटीतून आला, "बाहेर राहिलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल!"

ताई वही भिंतीले लावून ते वाक्य लिहून घेत होती.

माह्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "ताई, लागली नं गैरहजेरी?"

"लागू दे. तास सुटला का चिठ्ठी दाखवीन. तू गप उभा राह्य."

मी राह्यलो नाई. प्राचार्यांसारखा दोनदा खाकरलो. "सर, जरा दार उघडा बरं."

काय सांगू, एका सेकंदात कडी निघाली! आमच्यासाठी कधी निघाली नव्हती. सर हात जोडून दारात, "या, या सर." समोर मी. आतले नऊच्या नऊ खिदळले.

तिथंच थांबलो असतो तं भागलं असतं. पण राग थांबते का? मी नाकातून, भुवई वर करून म्हटलं, "कल्पना करा, बाहेर राहिलेल्या माणसाची अवस्था!" अन् मंग माह्या आवाजात, "सर, ते लोक रात्री दार लावत होते. तुम्ही तं सकाळीच लावता."

सर लालबुंद. "दोघंही गैरहजर. शिस्तभंगाची नोंद होईल."

ताईनं चिठ्ठी पुढं केली. "सर, हे कंट्रोलर साहेबाची…"

"हाही नाटकाचाच भाग का?" धाडकन दार. कडी.

मी हसलो. "ताई, जिरवली नं सरांची?"

"कोणाची जिरवली बे? माह्यी जिरवली तू!" ती इतक्या हळू बोलली का मी दोन पावलं मागं सरलो. "पोरीले ताप होता, तरी चार दिवस त्या स्टँडवर उभी होती मी. सर आज चिठ्ठी पाहणार होते. आता मी तुह्या तमाशातली बाई झाली. तुले हसं भेटलं. मले काय भेटलं? आता एकच उरली, अजून एक लागली का परीक्षा गेली."

"पण सर चूक आहे नं…"

"चूकच आहे. मले कळत नाई काय? तीन महिन्यापासून त्या दारात मी उभी आहो, तू आज आला. तू नापास झाला तं टपरीवर लोकाइले हसवशीन. मी सासऱ्याले काय सांगू, एका बहुरुप्यानं माह्यं वर्ष खाल्लं म्हणून? तास सुटेपर्यंत हालायचं नाई इथून. सर बाहेर आले का आधी तू बोलशीन, का चिठ्ठी खरी आहे अन् नाटक तुह्या एकट्याचं. आईनं देलेल्या आवाजात बोल. अन् भुवई हालली तं पाह्य, सरांच्या समोर कानाखाली देईन."