मिरजेचा दिवा

आभा कुलकर्णी कलकत्त्यात, सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत चिपच्या पिनांना वळण लावते. चिपला गोमेसारखे पुष्कळ पाय असतात. त्यातल्या कुठल्यानं ऐकायचं आणि कुठल्यानं बोलायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कुणीतरी लिहून द्यावं लागतं. ऐकणाऱ्या पिनला तर मोकळं सोडायचंच नसतं. बटण दाबलेलं नसताना तिला ओढून धरायला सांगितलं नाही, तर ती हवेतलं काहीबाही ऐकते आणि खुशाल 'बटण दाबलं' म्हणून कळवते. नवी मुलं ही एक ओळ विसरली की आभा त्यांना फैलावर घेते.

आई गेल्यावर बाबा मिरजेत एकटे राहिले. श्यामसुंदर कुलकर्णी म्हणजे एस.टी. डेपोतले निवृत्त कंट्रोलर. फोनवरसुद्धा गाडी सुटायची वेळ झाल्यासारखे बोलायचे. "कलकत्त्याला या" म्हटलं की "मला काय झालंय?" आणि फोन बंद. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला गेली तेव्हा आभानं घरीच एक छोटा, इंटरनेटला जोडलेला बोर्ड तयार केला, लांब वायर ओढून झोपाळ्याशेजारी बटण बसवलं.

"आठवण आली की दाबा, बाबा. तिकडे माझ्याकडे दिवा लागेल."

"बरं," बाबा म्हणाले.

आणि दिवा लागायला लागला की! सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या खिडकीत, कधी सकाळी, कधी भात टाकताना, कधी रविवारी दुपारी उगाचच. दिवसभर हिंदी, इंग्रजी आणि मोडकंतोडकं बंगाली बोलून आभाची जीभ परकी व्हायची. दिवा लागला की ती त्याच्याकडे बघून मोठ्यानं "बोला बाबा" म्हणायची. तोंडानं न बोलणारा माणूस बोटानं इतकं बोलतो, याचं तिला भारी अप्रूप वाटायचं.

एका शनिवारी तिनं फोन केला तर बाबा मंडईत होते. "भाजी घेतोय, घरी गेल्यावर बोलू," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी खिडकीतला दिवा लागला.

झोपाळ्यावर कुणी नव्हतं. आभाला लगेच कळलं. दुनियेला शिकवलेली ती एक ओळ तिनं बाबांच्या बोर्डात लिहिलीच नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! खालची पाण्याची मोटर सुरू झाली की ती लांब वायर हवेतलं काहीबाही उचलत असणार, आणि इथे ही वेडी दिव्याशी गप्पा मारत होती.

चूक इथूनच सुधारता येत होती. तरी रविवारभर तिचा हात होईना. खोटा तर खोटा, पण दिवा होता. सोमवारी तिनं ओळ लिहून पाठवली. दिवा विझला तो विझलाच. सकाळ गेली, संध्याकाळ गेली, मंगळवारही गेला. बाबांना आपली आठवण येतच नाही का, हा प्रश्न तिला गिळवेना.

शेवटी भात टाकता टाकता तिनं फोन लावला. "बाबा, तुम्ही बटण दाबत नाही?"

"पहिल्या दिवशी दाबलं होतं."

"मग?"

फोनमधून झोपाळ्याच्या कड्या करकरल्या.

"आठवण आली की दाबा म्हणालीस. ती जाईचना, मग बोट काढायचं कधी, ते कुठं सांगितलंस?"

आभानं गॅस बंद केला. "मी येते, बाबा," ती म्हणाली. या वेळी फोन बाबांनी ठेवला नाही.