सरळ, एकही चूक नसलेलं वाक्य

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, देवळात हात जोडूनही नाही. तुम्ही कोण, मला माहीत नाही – म्हणूनच कदाचित लिहिता येतंय.

मी चौथी शिकलेली बाई. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. शाळेच्या पालक समितीत नाव घातलं तेही एक आई हवी होती म्हणून. सभेला जायचं, भिंतीला टेकून बसायचं, सही करायची. मी कधी काही बोलेन असं कुणाला वाटलं असतं? मला तरी?

माझी तन्वी दुसरीपर्यंत शाळेत गप्प असायची. घरात मात्र अखंड बडबड. तिसरीला नव्या बाई आल्या. त्या कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. आम्हा आयांना बोलावून त्यांनी सांगितलं, मुलं घरच्या बोलीतून आधी शिकली तर पुस्तकातली भाषा लवकर येते, अभ्यास करणाऱ्यांनी हे पाहिलेलं आहे. आम्ही माना हलवल्या. मनात म्हटलं, मालवणी शिकायला शाळा कशाला?

बाई मुलांना बोलायला लावायच्या. मूल जे सांगेल ते तसंच्या तसं फळ्यावर लिहायच्या. मुलं ते वाचायची, कारण ते त्यांचंच बोलणं. मग बाई शेजारी तेच पुस्तकातल्या भाषेत लिहायच्या.

एकदा डबा द्यायला गेले तर आतून तन्वीचा आवाज. खिडकीशी उभी राहिले. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, कुर्ल्या – खेकडे – कशा पकडतात ते ती सांगत होती. "बाबा धोंडो उचलता, मी मागसून धरतंय. डेंगो लागलो तर रगात येता." कुर्लीची नांगी, तिला आम्ही डेंगो म्हणतो. मुलं हसली, तीही हसली. मग तिनं ते फळ्यावरून वाचलं – बोट ठेवून, न अडखळता. नंतर शेजारचंही वाचलं. माझी मुलगी वाचत होती. मी पाहिलं. हे नीट लक्षात ठेवा – मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

चतुर्थीला जाऊबाई मुंबईहून आल्या. तन्वीनं हौसेनं वही आणून त्यांच्या मुलांना कुर्ल्यांचं तेच वाचून दाखवलं. ती मुलं लोळून हसली. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हे शाळेत शिकवतात? मग म्हशींमागेच पाठवायचं ना हिला." मी मोदक वळत होते. मान वर केली नाही. लहानपणी वर्गात "माका येता" म्हटल्यावर गुरुजी हसले होते, ते आठवलं. पाचवीला मी गेलेच नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. आठवलं, एवढंच.

मग तालुक्याहून साहेब आले. कुणा बापानं तक्रार केली होती की बाई शिकवत नाहीत, मालवणीत टवाळक्या चालतात. सभा भरली. बाई घाबरल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तन्वीच्या आईंना विचारा ना, साहेब."

मी उठले. आणि म्हणाले, "साहेब, माझी मुलगी येत होतं ते वाचनही विसरली आहे. वर्गात नुसत्या गप्पा चालतात."

पुस्तकातल्या भाषेत. सरळ, एकही चूक नाही.

खोटं बोलले याचा धक्का मला त्या वेळी बसला नाही – हेच अजून माझ्या पचनी पडत नाही. मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. साहेबासमोर आपलं वाक्य नीट आलं म्हणून. वाटेत शेजारच्या सुमतीकाकी म्हणाल्या, "तोंडात जीभ आसा तर तुझ्या. अगदी सायबासारखा बोललंस गो." मी हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला फाटकाशी थांबवलं. "तन्वीनं घरी काहीच वाचून दाखवलं नाही का हो?" मी म्हटलं, नाही. या दुसऱ्या खोट्याच्या वेळी तर कुणी साहेबही नव्हता.

ते शिकवणं बंद झालं. पुढच्या वर्षी बाईही गेल्या. आणि तन्वी? सभेच्या वेळी मुलं दाराबाहेरच बसली होती. तिनं ऐकलं असणारच. तिनं विचारलं नाही. मी बोलले नाही. ती वर्गात पुन्हा गप्प झाली, ती झालीच.

आता ती कट्टा गावच्या हायस्कूलला नववीत आहे. परवा पालकसभेला गेले. तिथले सर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण तोंड उघडत नाही. आईवर गेली असेल." सगळे हसले. मग ते म्हणाले की आता नवं प्रशिक्षण झालंय, मुलांना घरच्या बोलीत बोलू द्यायचं, तसं केल्यानं फरक पडतो असं दिसून आलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उचलेनात. हे मला आधीच माहीत होतं. खिडकीतून पाहिलं होतं.

संध्याकाळी तन्वी घरी आली. ती आता माझ्याशीही मालवणीत बोलत नाही. परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आई, मला पाणी दे."

एकही चूक नव्हती. मी पाणी दिलं.