पिठल्याचा डबा

युद्ध सुरू झाल्यापासून आमच्याकडे टीव्ही बंद होत नव्हता. लेक दूरच्या एका तळावर लढाऊ वैमानिक व्हायला गेलेली. प्रशिक्षणाच्या वेळात त्यांचे फोन जमा करून घेत. त्या सकाळी पडद्यावर खाली बातमी सरकली: उड्डाण घेताना दोन शिकाऊ विमानांची टक्कर, एक जण ठार. नाव दिलं नव्हतं. तळ तिचाच होता.

मला बसवेना, उभं राहवेना. तिला फोन लावायचा, बंद, पुन्हा लावायचा. नवरा गॅलरीत येरझाऱ्या घालत होता आणि त्याच्या चपलांच्या फटफट आवाजाने माझं डोकं उठलं होतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. हातात डबा, पिठलं आणि पोळ्या.

"आज सैपाकाले नको लागू वं. दोन घास खाऊन घ्या."

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी डबा आणून देतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या घरी काय झालं काकू? काहून आणला?"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी डबा परत त्यांच्या हातात कोंबला, दार लावलं आणि गॅस पेटवला. वरण, भात, लेकीच्या आवडीची भरली वांगी. जेवणार कुणीच नव्हतं. पण गॅस विझला की ती गेली, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं, म्हणून मी रांधतच राहिले.

दुपारी फोन आला. "आई, मी बरी आहे." मी ढसाढसा रडले. कोण गेलं, हे विचारायचंही सुचलं नाही. तिनेच सांगितलं: कामठीचा तिचा मित्र. सुट्टीत तिच्याबरोबर यायचा, माझ्याकडची वांगी मागून खायचा. मला वाईट वाटलं, पण आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच किळस आली.

घरात थांबवेना. केलेलं सगळं डब्यात भरलं आणि आम्ही दोघं कामठीला निघालो. त्याच्या घरच्यांना कळलंच असणार, असं मी धरून चालले होते.

दार त्याच्या आईने उघडलं. आत टीव्हीवर तीच बातमी सरकत होती आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या डब्याकडे.

"काहून आणला वं?" ती म्हणाली. "मी सैपाक करून राहिली ना."