हात धरून बोलणाऱ्या हमीदाचाची

हमीदाचाची बोलण्याआधी हात धरायच्या. समोरच्या बाईचा पंजा चेपायचा, अंगठा आत दुमडायचा, बोटं एकत्र गोळा करायची आणि बांगडीचं माप सांगायचं. भोरला एका संस्थेच्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझं नाव विचारण्याआधीच त्यांनी माझा हात ओढून घेतला.

"सव्वादोन," त्या म्हणाल्या. "आन् घाम लई सुटलाय. भ्यालीस व्हय गं, कालेजवाली?"

भ्यालेच होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. प्रकल्पासाठी सरांनी मला तिथं पाठवलं होतं. सरकार कुणाकडून कर घेतं आणि तो कुणावर खर्च करतं, हे ती छोटी संस्था गावोगाव समजावून सांगते. खर्च करताना माणसांचे हक्क आधी यावेत, यासाठी ती भांडते. 'अंदाजपत्रक' हा शब्द मी परीक्षेपुरताच ओळखत होते. तिथं मोठी शिकलेली माणसं असतील असं वाटलं होतं. मला भेटल्या त्या बांगड्यांची पेटी घेऊन बसलेल्या चाची.

त्यांचं सगळं आयुष्य भोरपासून वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत बांगड्या विकण्यात गेलं होतं. कुठल्याच घराचं दार त्यांना बंद नव्हतं, म्हणून संस्थेनं त्यांना बोलावून घेतलं. पण पेटी त्यांनी सोडली नाही. "मीटिंगीत बाया नुसत्या माना डोलावत्यात," त्या म्हणायच्या. "हात धरल्याबिगर बाई खरं बोलत न्हाई."

पेटीसोबत एक कापडी पिशवी असायची. तिच्यात रिकामी वेष्टनं भरलेली: साबणाचं, चहाचं, बिस्किटाचं, फिनेलच्या बाटलीवरचं. गावात गेलं की त्या पिशवी जमिनीवर उलटी करायच्या. "ह्यातलं काईच घेतलं न्हाई, असं एक घर दावा मला. हर एका किमतीत कर हाय. मोबाईलात पैसं भरता, त्यात बी हाय. मंग सरकारचा पैसा म्हंजी कुणाचा?" मग पेटीवर थाप मारून हळूच म्हणायच्या, "काचंच्या बांगडीवर तेवढा कर न्हाई. तवा घ्या दोन डझन!"

मी त्यांच्या मागून हिंडायचे आणि बायका सांगतील ते लिहून घ्यायचे. एसटीत बसल्यावर त्या मला सगळं परत वाचायला लावायच्या. त्यांना स्वतःला सहीपुरतं लिहिता यायचं, पण मी गाळलेलं वाक्य त्यांना बरोबर सापडायचं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वहिनीचं डोहाळजेवण होतं. आमचं गाव वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या अंगाला. हिरव्या बांगड्या भरायला आईनं चाचींना बोलावलं होतं. अंगणात गाणी चालली होती. चाचींनी वहिनीचा हात धरला, तिसरी बांगडी चढवली आणि थांबल्या.

"हात थंडगार पडलाय. काय झालंय गं लेकी?"

वहिनीनं इकडं तिकडं पाहिलं. मग जे दादालाही सांगितलं नव्हतं, ते तिनं चाचींना सांगितलं. गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत होती, पण तिथं पाणी नव्हतं. पाण्याशिवाय बाळंतपण करणार नाही, असं नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. दिवस भरले की टेम्पोनं वेल्ह्याला जायचं, एवढाच मार्ग. आदल्या वर्षी शेजारची ताई त्या वळणांवर टेम्पोतच बाळंत झाली होती. वहिनी तेव्हा तिच्यासोबत होती. "मला लई भ्याव वाटतंय चाची," ती म्हणाली.

चाचींनी उरलेल्या बांगड्या भरल्या, ओटी भरेपर्यंत थांबल्या, आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुज्या गावानं औंदा पैसा कशासाठी ठिवलाय?"

मला माहीत होतं. स्वागत कमानीसाठी. आणि कमानीचा आग्रह धरणारे पंचायतीचे सदस्य म्हणजे माझे सख्खे चुलते, नानाकाका.

त्या पैशात सार्वजनिक विहिरीपासून उपकेंद्रापर्यंत पाइप येऊ शकत होता. मी रात्रभर बसून ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. शाळेत शिकवलेला नमुना मला पाठ होता. दुसऱ्या दिवशी चाचींना वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, 'पाण्याची सोय केल्यास आम्हा महिलांवर आपले फार उपकार होतील.'

"उपकार कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"पंचायतीचे," मी म्हणाले.

"तुजी वैनी साबण लावती का न्हाई? मंग तिचा पैसा तिलाच माघारी मिळायचा, त्यात उपकार कसलं? खोड ते."

मी खोडलं. खरं सांगायचं तर हात जड झाला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज करतानाही मी तेच वाक्य लिहिलं होतं आणि ते मला खरंच वाटत होतं. चाचींनी अर्जाखाली बायकांच्या सह्यांसाठी रकाने आखायला लावले. प्रत्येक नावापुढं एक शब्द लिहायला सांगितला: करदाता. अंगठ्यापुढंसुद्धा.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. चाची सगळ्यात मागं पेटीवर बसल्या. "म्या हितली मतदार न्हाई. म्या तोंड उघडायची न्हाई. तूच वाच," त्यांनी आधीच बजावलं होतं.

मी अर्ज वाचला. वाचून झाल्यावर नानाकाका उठले. "कमान गावाची शोभा हाय. पावण्याला कळाया नको का, गाव कुठं सुरू झालं?"

बायकांतून कुणीतरी म्हणालं, "गाव घावतंय की नाना. उपकेंद्रात पाणी तेवढं घावत न्हाई."

हशा झाला. काका चिडले आणि माझ्याकडं वळले. "तू सरकारच्या पैशावर फुकट शिकतीस, आन् आमाला अक्कल शिकवतीस?"

मी मागं पाहिलं. चाची हलल्या नाहीत; त्यांनी फक्त आपल्या एका हातानं दुसरा हात धरून दाखवला. मी शेजारी बसलेल्या वहिनीचा हात धरला. तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला लागल्या.

"फुकट नाही काका," मी म्हणाले. "तुम्ही चहा घेता, त्यात तुम्ही कर भरता. मीही भरते. ही वहिनीही भरते. म्हणून मागतोय."

तेवढ्यात सोनाबाई उठल्या. सत्तरीच्या, दातवण लावून काळे झालेले दात. कंबरेची तंबाखूच्या मिसरीची डबी काढून त्यांनी विचारलं, "पोरी, ह्याच्यावर बी कर हाय?"

"तंबाखूवर तर खूप आहे."

"मंग गावात समद्यात मोठी करदाती मीच की! माजं ऐका. पयलं पाणी!"

व्हरांडा हसून लोटपोट झाला. पाइप हवा असेल त्यांनी हात वर करा, असं सरपंचांनी सांगितलं. पुरुषांचे हात मोजता आले असते. पण बायकांचे हात एकदम वर गेले आणि बांगड्यांचा असा आवाज झाला, की मोजायची गरजच उरली नाही. मागं चाची गालातल्या गालात हसत होत्या. त्यातल्या निम्म्या बांगड्या त्यांनीच भरल्या होत्या.

पाइप यायला होळी उलटली. नळाला पाणी आलं आणि पाचव्या दिवशी दुपारी वहिनीच्या पोटात दुखू लागलं. नानाकाका विहिरीवरच्या चावीपाशी जाऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी ओरडत राहिले, "पाणी येतंय का न्हाई?" शेवटी नर्सबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "येतंय हो! आणि मुलगी झाली!"

बारशाला चाची आल्या. चढावर त्या तीनदा बसल्या, हे मी पाहिलं. बाळासाठी त्यांनी काळ्या मण्यांच्या मनगट्या आणल्या होत्या. घालताना बाळानं त्यांचं बोट घट्ट धरलं.

"हिनं हात धरला गं," चाची म्हणाल्या. "आता मला खरं बोलावं लागंल."

सगळे हसले. चाची हसल्या नाहीत. "माज्या गुडघ्यांनी आता चढ हुत न्हाई. ही शेवटची फेरी. सारोळ्याला लेकीकडं ऱ्हाते आता." त्यांनी पेटी माझ्याकडं सरकवली.

"चाची, मला बांगड्या भरता येत नाहीत."

"मला तरी कुठं अंदाजपत्रक वाचता येत हुतं?"

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी पेटी घेऊन गेले. पलीकडच्या खोऱ्यातलं गाव होतं. एका बाईचा हात धरला, अंगठा दुमडला, आणि पहिलीच बांगडी माझ्याकडून फुटली. मी ओशाळले. ती खळखळून हसली. "नवी दिसतीयास!" पण हात तिनं काढून घेतला नाही. आवाज खाली आणून ती म्हणाली, "ताई, आमच्या शाळंचं एक सांगायचं हुतं..."