सलमाखालाच्या दारातली नऊ सेकंदं

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि बिर्याणी आटोपली की दोह्यातली ती खोली झोपेत बुडते. तीन पलंगांवर तिघे घोरत असतात, आणि चौथ्यावर अश्फाक कानाला हेडफोन लावून दापोलीकडच्या आपल्या गावात पोचलेला असतो. जुन्या एसीची घरघर त्याला समुद्राची गाज वाटते. आठवडाभर वेस्ट बेमधल्या एका टॉवरच्या विसाव्या मजल्यावर ड्राफ्ट्समन म्हणून तो दुसऱ्यांच्या इमारतींच्या रेघा सरळ करतो. शुक्रवारी मात्र मोबाइलवरच्या ड्रमच्या गेमसाठी लेव्हल बनवतो. त्या गेममध्ये रंगीत ठिपके वरून घरंगळत येतात, रेघेला टेकले की ठेक्यावर बोट मारायचं. कुठला ठिपका कधी टेकवायचा हे ठरवणारा अश्फाक.

या खेपेला त्याने गाणं घेतलंच नव्हतं. घेतला होता बावाचा डफ. धाकट्या भावाच्या, उमैरच्या वरातीत बावाने, म्हणजे त्याच्या बापाने, नसरुद्दीनने, वाजवलेला आणि कुणीतरी फोनवर टिपलेला. त्यानंतर वर्षभरात बावाचा उजवा हात थरथरू लागला आणि डफ खुंटीला गेला. दोह्यातल्या गेमवाल्यांच्या ग्रुपमध्ये महिनाअखेर एक लेव्हल निवडली जाऊन सगळ्यांना खेळायला खुली होणार होती. ती आपली असावी, अनोळखी बोटांनी बावाचा ठेका धरावा, एवढीच अश्फाकची इच्छा. एवढीच म्हणायची, पण तिच्यापायी पाच शुक्रवारची झोप गेली होती.

निवड व्हॅलेरीच्या हातात. ती वसईची, इथे नर्स. पेशंटला गोड बोलून सुई टोचते म्हणतात. ग्रुपवर नुसती सुई. तिने कळवलं की सुरुवात चांगली, शेवट चांगला, पण मध्ये नऊ सेकंद एकही ठिपका नाही. "मॉनिटरवर अशी सरळ रेघ आली की आम्ही पळत सुटतो रे," ती म्हणाली. "खेळणारा गेम बंद करील. भर काहीतरी तिथे."

अश्फाकला पटलं. त्या नऊ सेकंदांत नुसता चपलांचा आवाज होता. बावाने घाम पुसला असेल, असा त्याचा हिशेब. त्याने आधीच्या थापा उचलल्या आणि मध्ये चिकटवल्या; ऑफिसात नकाशावर खिडक्या चिकटवतो तशाच. सांधा कुठे दिसेना. मग मोठ्या ऐटीत बावाला व्हिडिओ कॉल लावून ऐकवलं.

बावा डोळे मिटून ऐकत होता. डाव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती, आणि चेहरा असा, की माणूस पडवीत बसलाय पण वरातीत चालतोय. मध्येच बोटं थांबली. डफ मात्र वाजत राहिला. बावाने डोळे उघडले.

"सलमाखालाच्या दारात वाजवलास तू?"

अश्फाकला काही उमगेना; वरातीच्या वेळी तो इथे दोह्यातच होता. मग बावाने सांगितलं. लग्नाच्याच आठवड्यात गावातल्या सलमाखालाचा नवरा कबरस्तानात गेला होता, आणि वरातीची वाट तिच्या दारावरूनच. मयतीच्या घरासमोर वाजवत नाहीत. तिच्या फणसापासून कुंपणाच्या टोकापर्यंत सगळे मुक्याने चालले होते.

"म्हणजे तू थांबलास," अश्फाक म्हणाला.

"थांबलो नव्हतो. गप वाजवीत होतो."

बाप आहे, म्हातारा झालाय, काहीतरी बोलणारच. तरी फोन ठेवल्यावर अश्फाकने मूळ रेकॉर्डिंग मोजून पाहिलं. नऊ सेकंदांनंतरची पहिली थाप ठेक्यावर अचूक पडली होती, केसाचाही फरक नाही. मग त्याला चपलांत ताल ऐकू येऊ लागला.

चिकटवलेलं त्याने पुसून टाकलं. व्हॅलेरीला उत्तर लिहायला बसला, तर पहिला मजकूर वकिलाच्या नोटिशीसारखा झाला, दुसरा शोकसंदेशासारखा. शेवटी सगळं तोंडीच रेकॉर्ड करून पाठवलं, आणि भरणार नाही, लेव्हल गेली तरी चालेल, असंही म्हणून बसला. चालणार नव्हतं.

दोन दिवस उत्तर नाही. बाहेर धुळीत वेस्ट बेचे टॉवर विरघळले होते. पांढऱ्या उजेडात त्याला वाटायचं, मधूनच एक कुंपण दिसेल, एक फणस दिसेल. साहेबाने दोनदा हाक मारली ती त्याला तिसऱ्यांदा ऐकू आली.

तिसऱ्या दिवशी व्हॅलेरीचा आवाज आला. सलमाखालाबद्दल चकार शब्द नाही. "मग नुसतं रिकामं नको सोडू. तिथे जो बोट लावेल त्याचे गुण काप, न लावेल त्याला दे. पण आधी कळू दे त्याला, बिचारा फसायला नको. यल्ला, चल, पाठव लवकर."

अश्फाकने ठिपक्यांच्या जागी एक मिटलेलं दार काढलं, आणि दारावरून जाणारी फिकट पावलं, ठेक्यावर उमटणारी. लेव्हल निवडली गेली.

बावाने ती उमैरच्या फोनवर खेळून पाहिली, अश्फाक दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉलवरून बघत होता. उजवं बोट थरथरत भलतीकडेच पडायचं; स्वतःच्याच ठेक्यात बावा चूक, चूक, चूक. मशीनला ताल कळत नाही, असा त्याने निकाल दिला. मग दार आलं. बावाने डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरला आणि पावलं सरेपर्यंत धरून ठेवला.

बाकी सगळीकडे नापास. सलमाखालाच्या दारात पैकीच्या पैकी.