फौजदारांचा दुरुस्तीचा रविवार

आमच्या फौजदारांचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. पोलिसात ते कधीच नव्हते. नंदुरबारला मिरची बाजारामागे पाणपंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. पण वनहक्काची जमीन पायी फिरून मोजायचं एक फुकटचं अ‍ॅप आम्ही हौशी मंडळी चालवत होतो, कोणीही त्याचा कोड उघडून दुरुस्त करावा असं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यातले बग काढायला फौजदार सगळ्यांना दुकानाच्या माळ्यावर गोळा करायचे आणि संध्याकाळपर्यंत दरडावायचे, म्हणून हे नाव पडलं.

खालून मिरचीचा खकाणा यायचा, सगळे ठसकत काम करत. कोणी रील बघताना सापडला की पाठीत धपाटा बसायचा. एका इंजिनिअरने "असं कोण वापरतं?" म्हणून एका म्हातारीची तक्रार उडवून लावली, तर फौजदारांनी त्याचा माउस भिंतीवर आपटून फोडला. दुसऱ्या दिवशी स्वतःच नवा आणून दिला, तोही शिव्या देत. तरी पुढच्या रविवारी सगळे हजर. मीही त्यांच्यावर जीव टाकायचो.

त्यांचा कायदा एकच. बग जिथे सापडला तिथे जाऊन तपासल्याशिवाय बंद करायचा नाही. मग धडगावच्या जीपला लटकून का जावं लागेना.

मी गेलो नाही. धडगावच्या वरच्या पाड्यावर दोन चुलतभाऊ शेजारी शेजारी शेती करत. दरीत सिग्नल गेला की अ‍ॅप मधली वळणं गाळून सरळ रेघ ओढतं, अशी धाकट्याची तक्रार होती. मी दुरुस्ती केली, नंदुरबारच्या मोकळ्या मैदानाला एक फेरी मारली आणि बग बंद करून टाकला. मैदानात दरी कुठून येणार? दोन आठवड्यांनी थोरल्याने मोजणी केली, तर रेघ धाकट्याच्या उभ्या ज्वारीतून गेली. तेवढा तुकडा तो आपला म्हणू लागला आणि आता कुऱ्हाड निघेल, असा पाड्यावरून फोन आला.

"तू तठे गयथा का?" फौजदारांनी विचारलं. तिथे गेलो नव्हतो, मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मुस्काटात अशी दिली की माझा ओठ फुटला. मग कॉलर धरून मला जीपमध्ये कोंबलं. घाट चढून थेट पाड्यावर नेलं.

शेतात धाकटा कपाळ फुटून पडला होता आणि थोरल्याने कुऱ्हाड उचललेली होती. मी जागीच थिजलो. फौजदार हात पसरून मध्ये घुसले.

"रेघ आमनी चुकनी शे. मारनं व्हई ते आमले मारा."

उचललेला घाव थांबला नाही. तो त्यांच्या मानेवर बसला. ज्वारीची ताटं लाल झाली. दवाखान्याच्या वाटेवर, माझ्या मांडीवरच ते गेले.

थोरला तुरुंगात गेला. मी महिनाभर त्या बगशी झुंजलो, तो काढला आणि या वेळी पाड्यावर गेलो. धाकट्याला बरोबर घेऊन दरीच्या कडेकडेने दोन्ही शेतं फिरलो. रेघ जुन्या बांधाच्या दगडांवर नेमकी बसली. कोणाची वीतभर जमीनही कोणाकडे गेलेली नव्हती.

धाकट्याने फोनवरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग शाळेतल्या मराठीत हळू म्हणाला, "म्हणजे भांडण नव्हतंच."

नव्हतं, मी म्हणालो. चूक माझी होती, मी तपासायला आलोच नव्हतो. त्याने मला मारावं म्हणून समोर उभा राहिलो. तो खाली बसला आणि बांधाच्या दगडाला डोकं टेकून, थोरल्याचं नाव घेत रडू लागला.