फटफटीवरची चुंबळ

मार्गासनी गावचा रामा गेला त्या दिवसापासून मी घरच्या देवांना हात जोडणं सोडलं होतं. मी भोरच्या दवाखान्यातला डॉक्टर. लढाईत वापरून मोडीत निघालेली एक जुनी फटफटी पुण्याहून आणली होती आणि तिच्यावरून पार वेल्ह्यापर्यंतची गावं सांभाळत होतो. रामाला बांधावर नाग चावला. निरोप आला तसा मी विषावरच्या औषधाच्या तीन कुप्या पेटीत घालून निघालो. पोचलो तेव्हा दोन कुप्यांचा चुरा झाला होता. तिसरी शाबूत होती, पण एवढा वेळ थरथरतं हँडल धरून माझी बोटं इतकी बधिर झाली होती की ती माझ्याच हातून निसटली आणि ओट्यावर फुटली. वीस-बावीस वर्षांचा तो गडी दिवस मावळायच्या आत गेला. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

आई म्हणाली, "देवाची इच्छा." मी तिच्यावर खेकसलो. देवाची कसली इच्छा? इंजिनाची थरथर होती ती, आणि ती थांबवल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हतो. मी मुळातच हट्टी माणूस. सगळा पावसाळा आमच्या आळीतल्या दगडू लोहाराच्या भात्याशी घालवला. पान्याला नळी जोडून, अंगातला सगळा जोर लावून एकेक बोल्ट आवळला. इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये लोखंडी पट्ट्या ठोकल्या. औषधांची पेटी मागच्या कॅरिअरला चार ठिकाणी जखडली. दगडू म्हणाला, "डाक्टर, आता हिला हालाया जागाच न्हाई ठिवली तुमी." मला तेच तर हवं होतं. पण थरथर जायची सोडून सगळ्या गाडीभर पसरली. माझे दात वाजायला लागले, तरी मी अजून आवळतच होतो.

नवरात्रात एका सकाळी रिकाम्या कुप्यांत पाणी भरलं, लाखेने तोंडं बंद केली आणि परीक्षा घ्यायला वेल्ह्याची वाट धरली. मार्गासनीच्या अलीकडे थांबून पेटी उघडली. सहाच्या सहा फुटल्या होत्या. मी रस्त्याकडेला बसून काचा वेचू लागलो. मनात आलं, फटफटी विकून टाकावी आणि या गावांना सांगावं की माझ्याच्याने होत नाही.

"काय फुटलं जी?" आवाजाने मान वर केली. पन्नाशीची एक बाई डोक्यावर काठोकाठ भरलेला हंडा घेऊन उभी होती. तिथली रीत मी ऐकून होतो. नवरात्रात देवीच्या पायऱ्या धुवायचं पाणी एकेका घराने पाळीपाळीने नदीवरून आणायचं आणि देवळापर्यंत हंड्याला हात लावायचा नाही. वाट नुसती दगडधोंड्यांची, तरी तिच्या खांद्यावर पाण्याचा थेंब नव्हता. हे कसं जमतं, असं मी विचारलं.

"मान आवळली की सांडतंय," ती म्हणाली. "हंडा चुंबळीवं ठेवायचा अन् सोडून द्यायचं. हालायचं ती चुंबळ हालती. पानी ऱ्हातंय जागच्या जागी."

मी खुळ्यासारखा तिच्यामागून देवळापर्यंत चालत गेलो. तिने पायऱ्यांवर पाणी ओतलं, डोक्यावरची, जुनं लुगडं गोल वळून केलेली चुंबळ काढली आणि माझ्यापुढे धरली. मी विचारलं, "मावशी, तुम्ही कुणाच्या घरच्या?"

"रामाची आय म्या." त्या दिवशी मी तिथे कुणाच्या तोंडाकडे पाहिलंही नव्हतं. ती पुढे म्हणाली, "तवा तुमचा हात कसा कापत हुता, ते म्या बगितलं हुतं. न्या ही. फुडच्या बारीला कुप्या शाबूत आना." मला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लोखंडी पट्ट्या काढून फेकल्या. इंजिनाच्या प्रत्येक बोल्टाखाली जुन्या टायरच्या रबराची एकेक चकती बसवली, चुंबळीसारखीच. नट पुरता न आवळता त्यावर दुसरा नट चढवला, म्हणजे पहिला सुटणार नाही. आधी इंजिन फार डुललं आणि चेन उतरली. मग रबरासोबत विहिरीवरच्या मोटेचं जुनं कातडं घातलं. दगडू कंटाळला, मी नाही. सहाव्या खेपेला जमलं. हँडलच्या बुडाशीही तसंच केलं, आणि पेटी त्या लुगड्याच्या चुंबळीवर ठेवून नुसत्या सुती दोरीने बांधली.

दिवाळीच्या सुमारास वेल्ह्याहून निरोप आला. दहा वर्षांच्या एका मुलीला नाग चावला होता. निघताना मी कित्येक महिन्यांनी देवापुढे उभा राहिलो. मागितलं काहीच नाही. माझ्या हातचं होतं तेवढं करून झालंय, एवढंच सांगितलं. वाटेत खड्डा दिसला की हात आपोआप हँडल आवळायला जात, तेव्हा ते मुद्दाम सैल सोडत होतो. पोचल्यावर पेटी उघडली. सगळ्या कुप्या जशाच्या तशा होत्या. सुई टोचताना माझं बोट हललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीने डोळे उघडून पेज मागितली.

ती बाई त्या सकाळी त्याच वाटेने कशी आली, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. तिच्या घरची पाळी होती, एवढंच मला माहीत आहे. ज्या माउलीचा मुलगा माझ्या हातून गेला, तिच्याच हातून देवीने मला उभं केलं. हे देणं माझ्याच्याने फिटायचं नाही. सोडून देणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मी समजत होतो. पण तिनेही हंडा भरून आणला होता, वाट चालली होती. सोडला होता तो फक्त आवळून धरायचा हट्ट.

परतताना तिच्या दारात फटफटी थांबवली आणि चुंबळ तिच्यापुढे धरली. वेल्ह्याची बातमी तिच्या कानावर आली होतीच. तिने एवढंच विचारलं, "पोरगी हाय?"

"आहे," मी म्हणालो.

तिने चुंबळ माझ्याच हातात ठेवून वरून माझी मूठ मिटवली. "मग ऱ्हाऊ द्या ती तुमच्यापाशीच. अजून लई जागी जायचंय तुमाला."